अमूर्ताचा आश्रय : माधव जूलियन यांची चार वर्षे

माधव त्रिंबक पटवर्धन यांचा जन्म २१ जानेवारी १८९४ रोजी बडोद्यास झाला. १९१८ पासून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात फार्सीचे अध्यापन करीत होते, आणि १९२३ मध्ये स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातील ते एक अग्रगण्य कवी होत. एका तरुणीशी जुळलेल्या त्यांच्या स्नेहावरून पुण्यात वादळ उठले. त्या स्नेहाची परिणती विवाहात झाली नाही, आणि १९२४ मध्ये महाविद्यालयही सुटले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात ते रुजू झाले ते १९२८ मध्ये.

चरित्रपर समीक्षा या विरहाचा माग ‘विरहतरंग’ (१९२६) या खंडकाव्यात काढते. ते स्वाभाविकच आहे. परंतु त्याच्या अलीकडे-पलीकडे ‘फार्सी-मराठी कोश’ (१९२५) आणि ‘छंदोरचना’ (१९२७) हे दोन ग्रंथ उभे आहेत, याकडे पुरेसे लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते त्या जखमेचा खोल ठसा ‘छंदोरचने’त शोधावा लागतो. अमूर्त चित्रात चेहरा पुसला जातो, रंग आणि अवकाश तेवढे उरतात. इथेही कोणी कोणाला सोडले हा प्रश्नच शिल्लक राहत नाही. उरतात लघू, गुरू, मात्रा, यती, आणि वृत्त, जाती व छंद अशी मराठी पद्याची काटेकोर विभागणी. ज्याचे खाजगी आयुष्य गावाने चव्हाट्यावर मांडले, त्याला नावगाव नसलेल्या या प्रदेशात विसावा वाटला असल्यास नवल नाही. (कोपरगावच्या वर्गात हा ग्रंथ शिकवताना विद्यार्थी त्याला रुक्ष म्हणतात. वरवर पाहता तो तसा आहेही.)

फार्सीनेही त्यांना हीच वाट दाखवली असावी. त्या भाषेत सर्वनामाला लिंग नाही, क्रियापदालाही नाही. त्यामुळे गझलेतील प्रिय व्यक्ती स्त्री की पुरुष, हे व्याकरणावरून कळत नाही. मराठीत मात्र गेला, गेली म्हणताच सारे उघड होते. असा काव्यप्रकार या भाषेत रुजवणे म्हणजे झाकलेले उघडे करण्याचा धोका पत्करणे होते. ‘गज्जलांजलि’ने (१९३३) तो पत्करला.

‘छंदोरचने’ची सुधारलेली आवृत्ती १९३७ मध्ये निघाली, आणि पुढच्याच वर्षी मुंबई विद्यापीठाने तिच्यासाठी त्यांना डी.लिट्. दिली. त्याच १९३८ साली ‘तुटलेले दुवे’ प्रसिद्ध झाले. हे काव्य त्यांनी सुनीतांच्या चौदा-चौदा ओळींच्या चौकटीत बसवले होते. २९ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचे निधन झाले.