संत रिटा आणि मठाचे बंद दार



२२ मे हा संत रिटा हिचा सण. कपाळावर जखम, हातात क्रूस आणि भोवती गुलाब असे तिचे चित्र आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. मुलाची परीक्षा, न जमणारे लग्न, कोर्टातील तारीख, डॉक्टरांनी हात टेकलेले दुखणे, अशा वेळी आपण तिच्याकडे धाव घेतो. कारण अशक्य गोष्टींची मध्यस्थ अशी तिची ख्याती आहे. त्यात गैर काहीच नाही. परंतु रिटाच्या स्वतःच्या आयुष्यात अशक्य म्हणावी अशी कोणती गोष्ट घडली, असे विचारले तर बहुतेक जण कपाळावरचा काटा किंवा बर्फात उमललेला गुलाब सांगतात. आम्हाला मात्र ती गोष्ट वेगळी वाटते. तिच्यात डोळे दिपवणारे काही नाही, म्हणून ती मागे पडते. आज तिच्याविषयीच लिहायचे आहे.

इटलीच्या मधोमध उंब्रिया नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. संत फ्रान्सिसचे असिसी तिथलेच, आणि संत बेनेडिक्टचे जन्मगाव नोर्चाही तिथलेच. त्या नोर्चाच्या शेजारी डोंगरावर काशिया हे लहानसे नगर आहे. नगरापासून पाचएक किलोमीटरवर एका उंच कड्याखाली रोक्कापोरेना ही वाडी. परंपरेनुसार १३८१ साली या वाडीत अंतोनियो लोत्ती आणि अमाता फेर्री या उतारवयातील दांपत्याला मुलगी झाली. नाव ठेवले मार्गेरिता. रिटा हे त्याच नावाचे शेवटचे तुकडे उचलून केलेले घरगुती रूप. आपल्याकडे फ्रान्सिसचा फ्रान्सू होतो तसेच.

रिटाचे आईवडील गावात समेट घडवणारे म्हणून ओळखले जात, असे चरित्रकार सांगतात. हा केवळ चांगुलपणा नव्हता, तर त्या काळच्या गावगाड्यातील खरेखुरे काम होते. ते का लागत असे हे समजून घेतल्याशिवाय पुढची कथा कळणार नाही. पोपचा पक्ष आणि सम्राटाचा पक्ष, म्हणजे ग्वेल्फ आणि घिबेलिन, अशी दुफळी इटलीच्या गावोगावी पिढ्यान्‌पिढ्या मुरली होती. मूळ वाद कशाचा होता हे गावच्या माणसांना धड सांगताही आले नसते, पण आपले घर कोणत्या बाजूचे आणि समोरचे घर कोणत्या बाजूचे हे लहान मुलालाही ठाऊक असे. एका घरातील माणूस मारला गेला की त्या घरातील पुरुषांवर खुनाचा बदला खुनाने घेण्याची जबाबदारी येई. याला ते ‘वेंदेत्ता’ म्हणत. जो बदला घेत नसे त्याला लोक भित्रा ठरवत, आणि मग त्याच्या मुलीला स्थळ येणेही कठीण.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना न्यायाची व्याख्या आम्ही पाठ केली होती: ज्याचे त्याला देणे म्हणजे न्याय. गंमत अशी की सूड घेणाराही हेच म्हणतो. आपण अन्याय करतो आहोत असे त्याला कधीच वाटत नाही; तो फक्त हिशेब चुकता करत असतो. अडचण एवढीच की दोन्ही घरांत हिशेबाच्या वह्या वेगळ्या असतात आणि त्या दोन वह्यांचा मेळ आजवर कोणाला घालता आलेला नाही.

अशा गावात समेट करायचा तर मध्यस्थ लागत. ते एका घरातून दुसऱ्या घरात निरोप नेत, अटी ठरवत, दोन्हीकडची बोलणी खात. शेवटी दोन्ही बाजूंचे पुरुष सर्वांसमक्ष एकमेकांना शांतीचे चुंबन देत आणि नोटरी ते कागदावर लिहून घेई. मध्ययुगीन इटलीत असे शांतीचे करार होत असत. क्षमा ही तेथे मनातल्या मनात उरकण्याची बाब नव्हती. तिला साक्षीदार लागत आणि तारीखही लागे. रिटाने लहानपणी घरात पाहिले ते हे.

लहान वयातच तिचे लग्न पावलो मान्चिनी याच्याशी झाले. तो तापट, हत्यार बाळगणारा, भांडणात पुढे असणारा होता असे जुनी चरित्रे रंगवतात. आम्हाला त्यात थोडी अतिशयोक्ती दिसते, कारण संत स्त्रीचा नवरा वाईट दाखवला की तिचा सोशिकपणा उठून दिसतो, ही चरित्रकारांची जुनी खोड आहे. तो हळूहळू निवळला, संसार स्थिरावला, दोन मुलगे झाले, इतके मात्र सर्व जण सांगतात. सुमारे अठरा वर्षे असा संसार झाल्यावर एका रात्री घरी परतताना पावलोवर वाटेत हल्ला झाला आणि तो मारला गेला. त्याने स्वतः भांडणे सोडली असतील, पण भांडणांनी त्याला सोडले नव्हते.

परंपरा सांगते की रिटाने नवऱ्याचा रक्ताने माखलेला सदरा लपवून ठेवला. वरवर लहान वाटणारी ही गोष्ट आहे, पण त्या गावात असा सदरा म्हणजे साधे कापड नव्हते. मुले मोठी होईपर्यंत तो जपून ठेवायचा आणि वेळ आली की त्यांच्यासमोर उलगडायचा, ही सूडाची रीत. तो सदरा नाहीसा करून रिटाने सूडाचा पुरावाच काढून घेतला. मारेकऱ्यांना तिने क्षमा केली आणि ती उघडपणे केली. सासरच्या माणसांना हे मुळीच रुचले नाही. गेला तो त्यांचाही मुलगा होता, भाऊ होता. त्यांच्या दुःखाला या क्षमेत कोणी विचारले होते? आम्ही त्यांना दुष्ट म्हणणार नाही. क्षमा करणाऱ्याच्या घरातच पहिला विरोध होतो, हे आपण आपल्या धर्मग्रामातही पाहतो.

मग त्यांनी मुलांना हाताशी धरले. चुलत्याने पोरांना बापाची आठवण करून द्यायला सुरुवात केली. मुलगे आता कोवळ्या वयातून बाहेर पडत होते आणि आईचे शब्द त्यांना दुबळे वाटू लागले होते. येथे रिटाच्या चरित्रातील सर्वांत अवघड प्रसंग येतो. माझी मुले खुनी होणार असतील तर त्याआधी तू त्यांना ने, अशा अर्थाची प्रार्थना तिने परमेश्वराकडे केली असे सांगितले जाते. वर्षभरातच दोन्ही मुलगे आजाराने दगावले.

काही वर्षांपूर्वी प्रवचनात आम्ही हा प्रसंग सांगितला, तेव्हा मिस्सानंतर एक वयस्क बाई आमच्यापाशी आल्या. कोणत्याही आईच्या तोंडी हे शब्द यायचे नाहीत, असे त्यांनी शांतपणे सांगितले आणि त्या निघून गेल्या. त्यांनी स्वतःचा मुलगा गमावलेला होता, हे आम्हाला नंतर कळले. तेव्हापासून हा प्रसंग आम्ही जपून सांगतो. देवाने त्या प्रार्थनेला होकार म्हणून मुले नेली असे आम्ही मानत नाही. त्या काळी साथीचे रोग असंख्य घरांतील मुले नेत होते आणि तेथे कोणी तशी प्रार्थना केली नव्हती. आम्हाला त्यात दिसते ती दोन्हीकडून कोंडलेली आई. मुले जगली तर त्यांच्या हातून खून होणार, आणि खून झाला की पुढचा सूड त्यांच्यावर येणार. तिच्या गावाने मुलांसाठी तिसरा रस्ता ठेवलाच नव्हता. नवरा गेला, मुले गेली, सासर दुरावले. बाईचे वय तेव्हा चाळिशीच्याही आत होते.

काशियात संत मरिया माग्दालेना हिच्या नावाचा ऑगस्टिनियन धर्मभगिनींचा मठ होता. रिटाने तेथे प्रवेश मागितला. नकार मिळाला. पुन्हा मागितला, पुन्हा नकार. तीन वेळा दार बंद झाले असे परंपरा म्हणते. ती विधवा होती हे एक कारण सांगितले जाते. खरे कारण वेगळे होते. त्या लहानशा नगरातील मठात नगरातल्याच घराण्यांच्या मुली होत्या आणि त्यांपैकी काही पावलोच्या खुनाशी संबंध असलेल्या कुटुंबांतील होत्या, असे सांगतात. रिटा आत आली असती तर तिच्यामागून ते वैरही उंबरा ओलांडून आले असते.

या धर्मभगिनींवर चरित्रकार रागावतात. आम्हाला त्यांची बाजू पटते. त्या ज्या नियमाने राहत तो संत ऑगस्टिनचा नियम मठातल्या भांडणांविषयी फार सावध आहे. भांडण होऊच नये, झाले तर चटकन मिटावे, राग साचून त्याचा द्वेष होता कामा नये, असे तो बजावतो. एका वाफ्यावरून दोघींत वाद झाला तरी जेथे रात्रीपूर्वी मिटवायचा, तेथे दोन घराण्यांचे रक्ताचे वैर कसे सामावून घ्यायचे? एकाच बाकावर खुन्याची नातलग आणि मेलेल्याची विधवा बसणार, आणि दोघी मिळून दिवसातून अनेकदा प्रभूची प्रार्थना म्हणणार, त्यात अपराधांची क्षमा मागणार! त्या धर्मभगिनी घाबरल्या यात नवल नाही.

रिटाने आपल्यापुरती क्षमा केव्हाच केली होती. तरीही दार बंद होते, कारण तिची क्षमा अजून गावाची झाली नव्हती. तिच्या जागी दुसरे कोणी असते तर म्हणाले असते की मी माझे कर्तव्य केले, आता इतरांचे इतर पाहतील. रिटाने नाराजी धरली नाही. आईवडिलांचे जुने काम तिने हाती घेतले. ती सासरच्या माणसांकडे गेली आणि जे तिच्या नवऱ्याच्या रक्ताचे धनी होते त्यांच्याकडेही गेली. एका बाजूला तिने सूड सोडण्याची विनवणी केली, आणि दुसऱ्या बाजूला, जी रात्रंदिवस सूडाच्या भीतीत जगत होती, तिला भीती सोडायला सांगितले. या दोन्ही गोष्टी सारख्याच कठीण. ज्याने अपराध केला त्यालाही समेट सहज स्वीकारता येत नाही, कारण स्वीकारायचा म्हणजे आपला अपराध मान्य करायचा. ती किती वेळा गेली, किती उंबऱ्यांवरून परत फिरली, कोणी पाणी विचारले आणि कोणी नाही, हे चरित्रात नाही. शेवटी दोन्ही घराण्यांनी वैर सोडले, आणि मठाचे दार उघडले.

लोककथेने हाच प्रसंग वेगळ्या रीतीने जपला आहे. योहान बाप्तिस्ता, संत ऑगस्टिन आणि तोलेन्तिनोचा संत निकोलस हे तिघे एका रात्री आले आणि त्यांनी रिटाला बंद दारांतून मठात आणून सोडले. सकाळी धर्मभगिनींना ती आत उभी दिसली. भाविकांच्या या आवडत्या कथेला आम्ही हात लावत नाही. एवढेच सुचवतो की जे दार तीनदा बंद झाले होते ते कसे उघडले, याचे आश्चर्य त्या गावालाच इतके वाटले असावे की माणसांनी ते उघडले असेल यावर त्यांचा विश्वास बसेना.

पुढची सुमारे चाळीस वर्षे रिटा त्या मठात राहिली. मठप्रमुखांनी आज्ञापालनाची परीक्षा म्हणून तिला एका वाळक्या काठीला रोज पाणी घालायला सांगितले आणि तिने ते घातले, ही कथा आपण ऐकलेली आहे. मठाच्या अंगणात आजही यात्रेकरूंना एक द्राक्षवेल दाखवली जाते. एका गुड फ्रायडेला क्रूसासमोर प्रार्थना करत असता तिच्या कपाळावर काट्याची जखम झाली आणि ती मरेपर्यंत, सुमारे पंधरा वर्षे, भरली नाही. जखमेला दुर्गंधी येई म्हणून तिला बराच काळ वेगळ्या खोलीत राहावे लागले. ज्या घरात शिरण्यासाठी तिने इतके केले, त्याच घरात शेवटी तिला बाजूला बसावे लागले. त्याविषयी तिने तक्रार केल्याचे कोठे नाही.

अखेरच्या आजारात, ऐन हिवाळ्यात, रोक्कापोरेनाहून एक नातलग बाई भेटायला आली. काही हवे का असे तिने विचारल्यावर रिटाने आपल्या जुन्या घराच्या बागेतील एक गुलाब मागितला. बाईला वाटले, आजारात बोलते आहे. पण घरी गेल्यावर बर्फातल्या झुडपावर खरेच एक फूल होते. नंतर तिने दोन अंजिरे मागितली आणि तीही मिळाली. या दोन अंजिरांत तिची दोन मुले पाहणारे भाविक आहेत. आमचे लक्ष मात्र तिने काय मागितले यापेक्षा कोठून मागितले याकडे जाते. जेथून तिचा नवरा गेला, मुले गेली, जेथे तिला नाही नाही ते ऐकावे लागले, त्याच घरची वस्तू तिला मरताना हवी होती.

२२ मे रोजी ती देवाघरी गेली. १४५७ साली काशियाच्या नगरप्रमुखांनी नोटरीकरवी तिच्या मध्यस्थीने झालेल्या चमत्कारांची नोंद सुरू केली, आणि त्याच वर्षीची तिची रंगवलेली लाकडी शवपेटी आजही जपलेली आहे. म्हणजे रोमने संत म्हणण्याच्या कितीतरी आधी गावाने तिला आपले म्हटले होते. तिचे पहिले छापील चरित्र १६१० साली आले. पोप आठवे अर्बन हे पूर्वी त्याच भागातील स्पोलेतो धर्मप्रांताचे बिशप होते. त्यांनी १६२७ साली तिला धन्यवादित म्हणून मान्यता दिली. २४ मे १९०० रोजी पोप तेरावे लिओ यांनी तिला संतपद दिले. १९४७ साली काशियात तिच्या नावाची नवी बॅसिलिका उभी राहिली. तेथे काचेच्या पेटीत तिचे शरीर आहे, आणि दर वर्षी सणाला त्या डोंगरावरच्या लहान गावात गुलाबांचा नुसता महापूर येतो.

आपल्या चर्चमध्येही २२ मे रोजी सायंकाळच्या मिस्सानंतर गुलाबांना आशीर्वाद दिला जाईल. प्रत्येक घराने या वेळी एकाऐवजी दोन गुलाब आणावेत, अशी आमची विनंती आहे. एक आपल्या घरी न्यावा. दुसरा, ज्या घरी आपले जाणे-येणे बंद झाले आहे तेथे न्यावा. ते घर कोणते हे आम्हाला सांगण्याची गरज नाही. स्वतः जाणे जमत नसेल तर तो गुलाब वेदीपाशी ठेवावा, आम्ही पोचवू. फुले शक्यतो आपापल्या बागेतील आणावीत, बाजारात त्या दिवशी फार महाग होतात.