भाऊसाहेब आणि मतपेटी

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री कै. दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांचे नाव पणजीतल्या माणसाच्या तोंडी रोजच येते. मांडवीच्या काठाने मिरामारकडे जाणारा रस्ता त्यांच्या नावाचा आहे. पण रस्त्याला नाव मिळाले की माणूस विस्मरणात जातो, तसे काहीसे त्यांचेही झाले आहे. त्यांच्या सर्व कार्याचा आढावा येथे घ्यायचा नाही. ज्या लोकांनी आयुष्यात मतपेटी पाहिली नव्हती, ते एकाएकी मतदान केंद्रापुढे रांगा लावून उभे कसे राहिले आणि त्यात भाऊसाहेबांचा वाटा कोणता, एवढेच पाहायचे आहे. मतदानाविषयीच्या उदासीनतेची चर्चा जगभर होते. आपल्याकडे मात्र तिची नेमकी उलट बाजू घडून गेलेली आहे.

भाऊसाहेबांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे झाला. पेडणे हा नव्या काबिजादीतला तालुका. सावंतवाडीच्या राज्यातून तो अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे आला. तेरेखोल नदी ओलांडली की पलीकडे सावंतवाडीचा मुलूख, सोयरीक तिकडची, शाळेतले मराठी तिकडचे. जमीन मात्र भाटकाराची आणि घर त्याच भाटात बांधलेले. मुंडकाराने भाटकाराची मर्जी सांभाळावी, नाही तर चूल उचलावी, असा सारा व्यवहार. भाऊसाहेब गोमंतक मराठा समाजातले. त्यांचे शिक्षण थोडेच झाले. व्यापारातून पुढे येत ते खाणमालक झाले आणि त्यांच्या हाती पैसा आला. तो त्यांनी सढळ हाताने वाटलाही. शाळा, देवळे, अडलेले विद्यार्थी, लग्नकार्ये, कोणीही दारी यावे. राजकारणात येण्यापूर्वीच ते घरोघर ठाऊक होते, हे पुढची गोष्ट समजून घेताना ध्यानात ठेवावे लागते.

सालाझारच्या राजवटीत मतदान नावापुरते होते. पक्ष एकच आणि मताचा अधिकार मूठभरांना. परवानगीवाचून सभा घेणे हाही गुन्हा होता. १८ जून १९४६ रोजी मडगावला डॉ. राममनोहर लोहियांनी सभा घेतली ती हा कायदा मोडण्यासाठीच. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, १९६२ साली ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या आणि ९ डिसेंबर १९६३ रोजी विधानसभेची पहिली निवडणूक आली. एकवीस वर्षांवरील प्रत्येकाला एक मत. भाटकारालाही एकच आणि मुंडकारालाही एकच. शिवाय ते गुप्त. कोणत्या चिन्हापुढे शिक्का मारला हे भाटकाराला कळायची सोय नाही! आम्हां विद्यार्थ्यांना नागरिकशास्त्रात गुप्त मतदान हा दोन गुणांचा प्रश्न असतो. डिचोलीच्या किंवा पेडण्याच्या मुंडकाराला ते घराचे छप्पर डोक्यावर राहील की नाही याचे उत्तर होते.

याच वर्षी भाऊसाहेबांनी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष उभा केला. काँग्रेसकडे दिल्लीतील सत्ता आणि गोव्यातील प्रतिष्ठित माणसे होती. निकाल लागला तेव्हा गोव्याच्या २८ जागांपैकी तिला एकही मिळाली नव्हती. तिची एकमेव जागा आली ती दमणमधून. भाऊसाहेबांच्या पक्षाला १४ जागा मिळाल्या व डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्सला १२. भाऊसाहेब स्वतः त्या निवडणुकीला उभेही राहिले नव्हते. २० डिसेंबर १९६३ रोजी ते मुख्यमंत्री झाले आणि मागाहून मडकईतून निवडून आले.

मत देऊन काही बदलते का, हा मतदाराचा खरा प्रश्न असतो. भाऊसाहेबांनी त्याचे उत्तर लवकर दिले. गावोगाव प्राथमिक शाळा उघडल्या, शिक्षक कमी पडले तेव्हा महाराष्ट्रातून आणले. १९६४ साली कूळकायदा झाला. दारातली शाळा ही कोणत्याही जाहीरनाम्यापेक्षा वाचायला सोपी. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही ती वाचता येते.

पण पक्षाचे मूळ उद्दिष्ट गोवा महाराष्ट्रात विलीन करणे हे होते आणि त्यावरून गोवा दुभंगला. १९६३ च्या निकालातच लोकांनी कौल दिला आहे, आता विधानसभेच्या ठरावाने काम भागावे, असे विलीनीकरणवाद्यांचे म्हणणे. एका निवडणुकीत हजार गोष्टींचा विचार करून मत दिले जाते, तेव्हा या एका प्रश्नावर लोकांना वेगळे विचारा, असे सिक्वेरा यांचे म्हणणे. माझ्या मते येथे सिक्वेरांचीच बाजू बरोबर होती. मी मराठी शाळेत शिकलो असलो तरी हे म्हणायला मला संकोच वाटत नाही. अखेर केंद्र सरकारने जनमत कौल घेण्याचे ठरवले व १९६६ साली संसदेने तसा कायदा केला. भाऊसाहेब सत्तेवर असताना मतदान निःपक्षपाती होणार नाही, असा आक्षेप आला. भाऊसाहेबांनी डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट लागू झाली. मतदान बिनबोभाट व्हावे म्हणून चालते सरकार सोडणारे मुख्यमंत्री किती आढळतील, याचा वाचकांनीच विचार करावा.

प्रचार कसा झाला असेल याची आज कल्पना करणेही कठीण आहे. विलीनीकरणाला फूल हे चिन्ह व संघप्रदेशाला दोन पाने. गोमन्तक दैनिक फुलाच्या बाजूने, तर राष्ट्रमत दोन पानांच्या. गंमत अशी की राष्ट्रमतही मराठीतच निघत असे. महाराष्ट्रात जाऊ नये हे मराठी वाचकाला मराठीतूनच पटवले जात होते. शेजारच्या म्हैसूर राज्याचाही विलीनीकरणाला विरोध होता. (आमच्या कन्नड विभागातील मित्रांना येथे बेळगाव आठवेल. मलाही आठवते. तेथील प्रश्न महाजन आयोगाकडे गेला, मतपेटीकडे गेला नाही. कोणता मार्ग बरा, यावर आमचे उपाहारगृहात एकमत होण्याची चिन्हे नाहीत.)

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्याने आकडे दिल्यावाचून मला राहवत नाही. मतदार ३,८८,४३२. मत दिले ३,१७,६३३ जणांनी, म्हणजे जवळजवळ ८२ टक्के. संघप्रदेशाला १,७२,१९१, विलीनीकरणाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. दोन्ही बाजूंची बेरीज एकूण मतदानातून वजा केली तर ७,२७२ मते बाद झाल्याचे दिसते. आणि घरी राहिलेले मतदार ७०,७९९, म्हणजे जय-पराजयातल्या अंतराच्या दुपटीहून अधिक. एवढा मोठा प्रश्न, एवढे मोठे मतदान, तरीही न आलेल्यांच्या हाती निकाल बदलण्याइतकी मते होतीच.

या आकड्यांशेजारी अमेरिकेचे आकडे ठेवून पाहावे. जगातील सर्वांत बलाढ्य पद तेथे मतदानाने भरले जाते, पण १९९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत मतदानाच्या वयाच्या निम्म्या माणसांनीही मत दिले नाही. २०२० साली मतदान पुष्कळ वाढले, तरी पात्र मतदारांपैकी सुमारे एक तृतीयांश घरीच राहिले. अमेरिकन माणूस आळशी आहे असे म्हणून हे सुटत नाही. तेथे बहुतेक राज्यांत मतदाराने आपले नाव स्वतः नोंदवायचे असते आणि मतदान कामाच्या मंगळवारी असते. त्यातून जवळजवळ सर्व राज्यांत बहुमत मिळवणाऱ्याच्या पदरात त्या राज्याची सारी प्रतिनिधी-मते पडतात. ज्या राज्याचा कल आधीच ठाऊक आहे तेथे आपले मत वाढले काय नि घटले काय, असे माणसाला वाटले तर नवल नाही. जनमत कौलात तसे नव्हते. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा हा पट्टा फुलाकडे झुकणार आणि सासष्टी दोन पानांकडे, हे सर्वांना दिसत होते. परंतु मोजणी सबंध गोव्याच्या एकाच बेरजेत व्हायची होती. मोरजीचे एक मत कुडतरीच्या एका मताला तंतोतंत पुरे पडणार होते. म्हणून निकाल ठरलेल्या गावांतही घरी बसणे परवडणारे नव्हते.

भाऊसाहेब हरले. हरलेल्या बाजूचे लोक पुढच्या वेळी मतदानाकडे पाठ फिरवतात, असा पुष्कळ ठिकाणचा अनुभव. येथे अडीच महिन्यांतच, मार्च १९६७ च्या अखेरीस, विधानसभेची निवडणूक आली आणि त्याच मतदारांनी भाऊसाहेबांच्या पक्षाला १६ जागा देऊन त्यांना पुन्हा मुख्यमंत्री केले. गोवा महाराष्ट्रात नको, पण गोव्याच्या गादीवर भाऊसाहेब हवेत, असे म्हणणारे लोक यात निश्चितच होते. पदवीधरांनाही चटकन जमणार नाही असा हा भेद, पहिले मत देऊन चार वर्षेही न झालेल्यांनी केला. भाऊसाहेबांनीही निकाल मानला आणि कामाला लागले.

पुढचा काळ निष्कलंक नाही. १९७० साली पक्षातले काही आमदार उलटले आणि विरोधी बाकांवरील काहींच्या आधाराने भाऊसाहेबांनी सरकार टिकवले. बाके बदलण्याची ही वाट पुढे किती रुळली हे १९९० नंतरच्या गोव्याच्या इतिहासात दिसते. मत एका पक्षाला द्यावे आणि आमदार दुसऱ्यात जावा, याहून मतदाराला उदासीन करणारी गोष्ट नाही. त्या खातेवहीची पहिली नोंद भाऊसाहेबांच्या काळातली आहे, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावे. तरीही २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत गोव्यात जवळजवळ ८० टक्के मतदान झाले. ही सवय साठ वर्षे टिकली आहे.

१९७२ च्या निवडणुकीत पक्षाच्या जागा वाढून १८ झाल्या. कला अकादमी आणि बांदोडकर सुवर्णचषक स्पर्धा याच सुमाराच्या. शिकार, खेळ, माणसांची वर्दळ हे सारे अखेरपर्यंत चालू होते. १२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच भाऊसाहेबांचे निधन झाले. त्यांचे वय तेव्हा बासष्ट होते. त्यांच्यानंतर कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. भाऊसाहेबांची समाधी मिरामारच्या वाळूला लागून आहे.