हार्वे कुशिंग

हार्वे विल्यम्स कुशिंग (८ एप्रिल, १८६९ – ७ ऑक्टोबर, १९३९) हे अमेरिकन शल्यविशारद होते. मेंदूच्या शस्त्रक्रियेला स्वतंत्र वैद्यकशाखेचे स्थान मिळाले ते मुख्यतः त्यांच्या कार्यामुळे. लहान मुलांच्या मेंदूतील अर्बुदांच्या (गाठींच्या) पद्धतशीर अभ्यासाचा पायाही त्यांनी घातला.

त्यांचा जन्म ओहायो राज्यातील क्लीव्हलंड येथे डॉक्टरांच्या घराण्यात झाला. हार्वर्ड येथून वैद्यकीय पदवी घेतल्यावर ते बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड यांच्या हाताखाली शिकले. १९१२ ते १९३२ या काळात ते बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात प्रमुख शल्यविशारद होते.

सीटी व एमआरआय यांच्या पूर्वीचा तो काळ. सकाळी होणारी उलटी, डोकेदुखी, झोकांड्या खात चालणे आणि डोळ्याच्या आतील पडद्यावर दिसणारी दृष्टिचेतेची सूज यांवरून गाठीची जागा ठरवावी लागे. रक्तस्राव रोखण्यासाठी कुशिंग यांनी १९११ मध्ये चांदीच्या चिमट्या आणि १९२६ मध्ये विल्यम बोव्ही यांचे विद्युत्-उपकरण वापरात आणले.

लहान मेंदूतील एका घातक अर्बुदाला त्यांनी व पर्सिव्हल बेली यांनी १९२५ मध्ये मेड्युलोब्लास्टोमा हे नाव दिले. ही गाठ अनेकदा मस्तिष्कस्तंभाला, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागाला, चिकटते. श्वसन, गिळणे व हृदयाची गती यांचे नियंत्रण तेथून होत असल्याने तेथे शस्त्र चालवणे म्हणजे मुलाचा जीव धोक्यात घालणे होते. त्यामुळे शक्य तेवढी गाठ काढून ते क्ष-किरणांचा उपचार देत. लहान मेंदूतील ॲस्ट्रोसायटोमा काढलेली अनेक मुले दीर्घकाळ जगली; मेड्युलोब्लास्टोमाच्या ६१ रुग्णांपैकी मात्र तीन वर्षांहून अधिक जगलेले जवळजवळ कोणी नव्हते. हे अपयश त्यांनी १९३० मध्ये स्वतःच प्रसिद्ध केले. यशाइतक्याच काटेकोरपणे अपयश नोंदवण्याची ही सवय त्यांच्या कोणत्याही उपकरणापेक्षा कमी मोलाची नव्हती. मस्तिष्कस्तंभात पसरलेली गाठ आजही शस्त्रक्रियेने काढता येत नाही. एमआरआयमुळे निदान सोपे झाले असले तरी किरणोपचाराचा आराम बहुधा काही महिनेच टिकतो.

कुशिंग यांच्याकडे काही काळ काम केलेले वाइल्डर पेनफील्ड यांनी पुढे माँट्रियल येथे जेकब चँडी यांना शिकवले. चँडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोर येथे भारतातील पहिला मेंदूशल्य विभाग सुरू केला.

विल्यम ऑस्लर यांच्या चरित्रासाठी कुशिंग यांना १९२६ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. हृदयविकाराने न्यू हेवन येथे त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात त्यांच्याही मेंदूत सुमारे एक सेंटिमीटरची निरुपद्रवी गाठ आढळली.