शाळामास्तर ओहम

प्रयोगशाळेतील रोधाचे मूल्य आपण ज्या 'ओहम'मध्ये सांगतो, ते एका शाळामास्तरांचे आडनाव आहे.

गेओर्ग सायमन ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन येथे झाला. वडील कुलपे बनवणारे कारागीर. स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या वडिलांनीच मुलांना गणिताची गोडी लावली. १८११ साली डॉक्टरेट मिळवूनही ओहम यांच्या वाट्याला शाळेतील नोकरीच आली. १८१७ पासून ते कोलोन येथे गणित व भौतिकशास्त्र शिकवू लागले. शाळेच्या प्रयोगशाळेत, फावल्या वेळात, त्यांनी विजेचा अभ्यास सुरू केला.

त्या काळच्या बॅटरीचा दाब सारखा कमी-जास्त होई व मोजमाप चुके. तेव्हा पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून त्यांनी बिस्मथ व तांबे जोडून, एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवून स्थिर दाब मिळवला. वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून, टांगलेल्या चुंबकसूचीने प्रवाह मोजला. त्यातून दाब, प्रवाह व रोध यांचे नाते हाती आले. १८२७ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

पण मायदेशी त्याची फारशी कदर झाली नाही. निराश होऊन १८२८ साली त्यांनी नोकरी सोडली. पुढची काही वर्षे ओढाताणीत गेली. १८३३ मध्ये न्युरेंबर्ग येथे काम मिळाले. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिले. म्युनिक विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापकपद मिळायला १८५२ साल उजाडले. ६ जुलै १८५४ रोजी ते निवर्तले. १८८१ च्या पॅरिस परिषदेत रोधाच्या एककाला त्यांचे नाव देण्यात आले.

डायोड ओहम यांचा नियम पाळत नाही. तरीही त्यातील प्रवाहाचा अंदाज काढताना हाच नियम कामी येतो. ५ व्होल्टची बॅटरी, १००० ओहमचा रोध आणि सिलिकॉनचा डायोड सुलट दिशेने एकसरीत जोडा. डायोडवर सुमारे ०.७ व्होल्ट खर्ची पडतात, रोधासाठी ४.३ उरतात. त्यांना १००० ने भागले की ४.३ मिलिअँपिअर! एकसरी जोडणीत प्रवाह सर्वत्र सारखाच, म्हणून डायोडमधूनही तेवढाच.

मुलांनो, पुढच्या प्रात्यक्षिकात आधी हा अंदाज वहीत लिहा, मगच मीटर लावा. काळजीपूर्वक केलेले मोजमाप वाया जात नाही, हेच ओहम सरांचे आयुष्य सांगते.