युजीन ओनील आणि त्याचे घर

अमेरिकन रंगभूमीला जागतिक प्रतिष्ठा मिळवून देणारा नाटककार युजीन ओनील १६ ऑक्टोबर १८८८ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील एका हॉटेलात जन्मला आणि २७ नोव्हेंबर १९५३ रोजी बॉस्टनमधील एका हॉटेलातच निवर्तला. या दोन खोल्यांच्या दरम्यान ज्याला खऱ्या अर्थाने घर म्हणावे असे त्याला फार थोडे लाभले. वडील जेम्स ओनील हे नामवंत नट. ‘माँटे क्रिस्टो’ नाटकातील नायकाची भूमिका त्यांनी हजारो वेळा केली. तिने त्यांना संपत्ती दिली आणि शेक्सपिअरच्या नाटकांतून नावारूपाला येऊ पाहणारा त्यांच्यातील नट मात्र कायमचा संपविला. मुलाचे बालपण नाटक कंपनीच्या दौऱ्यांत आणि पुढे निवासी शाळांत गेले. न्यू लंडन येथील उन्हाळ्यातले घर एवढेच काय ते कुटुंबाचे स्थिर ठिकाण होते.

युजीनच्या जन्मानंतर आई एला हिला वेदनाशमनासाठी मॉर्फिन देण्यात आले आणि तिला त्याचे व्यसन जडले. हे सत्य मुलाला कळले ते वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास. आपला जन्मच आईच्या दुःखाला कारण झाला, ही जाणीव त्याच्या मनातून पुढे कधीच गेली नाही. थोरला भाऊ जेमी मद्याच्या आहारी गेला होता. मधला एडमंड १८८५ मध्ये तान्हेपणीच गोवराने दगावला होता.

प्रिन्स्टनचे शिक्षण वर्षभरात सुटले. १९०९ मध्ये कॅथलीन जेंकिन्सशी विवाह करून ओनील लगोलग सोन्याच्या शोधात होंडुरासला गेला. नंतर खलाशी झाला, ब्यूनोस आयरिसच्या धक्क्यावर उपाशी भटकला, न्यूयॉर्कच्या बंदरालगतच्या गुत्त्यात राहिला. १९१२ मध्ये त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला. त्याच वर्षी क्षयाचे निदान होऊन तो कनेक्टिकटमधील एका आरोग्यधामात दाखल झाला. तेथे स्ट्रिंडबर्ग वाचीत असता आपण नाटककार व्हायचे, हे त्याने निश्चित केले. १९१६ मध्ये प्रॉव्हिन्सटाऊनच्या हौशी मंडळींनी त्याची एकांकिका केली. १९२० मध्ये ‘बियाँड द होरायझन’ला पुलित्झर पारितोषिक मिळाले. पुढील यशाचा तपशील सर्वपरिचित आहे. १९३६ च्या नोबेल पारितोषिकापर्यंत तो अखंड चालू राहिला. घरी मात्र मृत्यूंची रांग लागली होती. १९२० मध्ये वडील, १९२२ मध्ये आई आणि १९२३ मध्ये जेमी असे तिघेही गेले.

या तिघांशी त्याचा हिशेब उरला होता तो कॅलिफोर्नियातील ‘ताओ हाऊस’मध्ये पुरा झाला. हातांना कंप सुटलेला. अक्षर इतके बारीक होत गेले की पत्नी कार्लोटा हिला ते उलगडून टंकलिखित करावे लागे. सांगून लिहविणे त्याला कधीच साधले नाही. अशा अवस्थेत १९४१ पर्यंत ‘लाँग डेज जर्नी इन्टु नाइट’ पूर्ण झाले. ऑगस्ट १९१२ मधील एका दिवसात चार माणसे एकमेकांना दोष देतात, क्षमा करतात आणि पुन्हा दोष देतात. क्षयी धाकट्या मुलाला नाटककाराने एडमंड हे नाव दिले. तान्हेपणी मेलेल्या बाळाचे नाव ठेवले युजीन. स्वतःला मृतांत टाकणारी ही अदलाबदल साधी नव्हे.

परंतु नाटकात एक गोष्ट नाही. प्रत्यक्षातल्या त्या वर्षी युजीन विवाहित होता, १९१० मध्ये जन्मलेल्या मुलाचा बाप होता. नाटकातील एडमंडला बायको नाही, मूल नाही. आईबाप आणि भाऊ यांना इतक्या समजुतीने पाहणाऱ्या लेखकाने आपल्या पितृत्वाला तेथे प्रवेश दिला नाही. आणि जीवनातही फारसा दिला, असे म्हणता येत नाही. थोरला मुलगा अकरा-बारा वर्षांचा झाल्यावर बापाला त्याची खरी ओळख झाली. तो ग्रीक वाङ्मयाचा अभ्यासक झाला आणि १९५० मध्ये त्याने आत्महत्या केली. दुसरी पत्नी अॅग्नेस हिच्यापासून झालेला शेन व्यसनाधीन झाला. अठरा वर्षांच्या ऊनाने १९४३ मध्ये चार्ली चॅप्लिनशी विवाह केला. वर वधूपित्याहून अवघ्या सहा महिन्यांनी लहान होता. ओनीलने तिचे तोंड पुन्हा पाहिले नाही.

१९४३ मध्ये जेमीवरील ‘अ मून फॉर द मिसबिगॉटन’ पूर्ण झाले आणि लेखणी थांबली. नियोजित नाट्यमालेची बरीचशी हस्तलिखिते त्याने स्वतःच नष्ट केली. १९१२ सालचे ते कौटुंबिक नाटक मात्र १९४५ मध्ये लाखेने मोहोरबंद करून प्रकाशकाच्या तिजोरीत ठेवण्यात आले. आपल्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षे ते छापू नये आणि त्याचा प्रयोग तर कधीच करू नये, अशी त्याची इच्छा होती. प्रकाशकाने तिचा मान राखून ते छापण्यास नकार दिला, तेव्हा कार्लोटाने हस्तलिखित येल विद्यापीठाच्या मुद्रणालयाकडे दिले. फेब्रुवारी १९५६ मध्ये स्टॉकहोमच्या राजकीय नाट्यगृहात, स्ट्रिंडबर्गच्या भाषेत, ते प्रथम रंगभूमीवर आले.