राजर्षी शाहू छत्रपती : करवीरनगरीचे आश्रयदाते

दक्षिण काशी म्हणून ख्यातकीर्त असलेल्या करवीर क्षेत्री श्री अंबाबाईच्या दर्शनास व वाडीरत्नागिरीवरील श्री जोतिबाच्या चैत्र यात्रेस शतकानुशतके भाविक येत आहेत. दूरच्या गावाहून पायी आलेल्या यात्रेकरूस देवदर्शनाइतकीच निकड असते ती रात्रीच्या निवाऱ्याची आणि दोन घासांची. हा निवारा जातिभेद न मानता सर्वांस खुला असावा, असा दंडक ज्यांनी या भूमीत घालून दिला, ते कोल्हापूर संस्थानचे अधिपती राजर्षी शाहू छत्रपती होत.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कसबा बावडा येथील लक्ष्मीविलास राजवाड्यात कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. पिता जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब व माता राधाबाई. १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर ते दत्तक आले. राजकोट व धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले. कोल्हापूर-मिरज लोहमार्गाच्या कामाचा शुभारंभ १८८८ मध्ये या बालराजाच्या हस्ते झाला आणि १८९१ मध्ये हा मार्ग सुरू झाला. करवीरास येणाऱ्या भाविकांची वाट त्यामुळे सुकर झाली. आज कोल्हापूरचे रेल्वे स्थानक महाराजांच्याच नावाने ओळखले जाते. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली.

कारभार हाती येताच दुष्काळ व त्यापाठोपाठ प्लेग अशी संकटे ओढवली. महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, रोजगाराची कामे काढली व निराश्रितांच्या राहण्याची सोय केली. १८९९ मध्ये पंचगंगेच्या घाटावर कार्तिकस्नानाच्या वेळी वेदोक्त मंत्रांचा अधिकार त्यांना नाकारण्यात आला. खुद्द छत्रपतींच्या वाट्यास हे येते, तर सामान्य रयतेची काय कथा, हा विचार त्यांच्या मनात दृढ झाला. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या.

खेड्यापाड्यांतून शिक्षणासाठी येणाऱ्या मुलांना शहरात राहण्यास जागा व जेवणास पंगत मिळत नसे. म्हणून महाराजांनी १८९६ मध्ये सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकत्र वसतिगृह काढले. तथापि बहुजनांची मुले तेथे टिकेनात. तेव्हा त्यांनी प्रत्येक समाजाच्या धुरीणांस पुढे करून स्वतंत्र वसतिगृहे उभी करण्याचा मार्ग पत्करला. १९०१ मध्ये मराठा व जैन, १९०६ मध्ये मुस्लिम, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, अशी ही मालिका वाढत गेली. दरबारने जागा, इमारती व उत्पन्न द्यावे आणि समाजातील दानशूरांनी भर घालून व्यवस्था पाहावी, अशी ही रीत होती. त्यामुळेच यांतील अनेक संस्था महाराजांच्या पश्चातही टिकल्या आणि कोल्हापूरास वसतिगृहांची जननी हा लौकिक लाभला. या कार्याची कीर्ती दूरवर पोहोचली आणि १९१९ मध्ये कानपूर येथील कुर्मी क्षत्रिय समाजाने त्यांना राजर्षी ही पदवी अर्पण केली.

त्याच वर्षी महाराजांनी काढलेला हुकूम यात्रेकरूंच्या दृष्टीने विशेष मोलाचा आहे. धर्मशाळा, सरकारी इमारती, दवाखाने, सार्वजनिक विहिरी व नदीचे पाणवठे अशा ठिकाणी कोणाही माणसाचा विटाळ मानू नये, असे त्यात फर्माविले होते. हुकमाची जबाबदारी गावोगावच्या पाटील-तलाठ्यांवर टाकल्याने तो केवळ राजधानीपुरता न राहता वाटेवरील खेड्यांसही लागू झाला. तोवर अनेक गावांतून अस्पृश्य यात्रेकरूस उघड्यावर रात्र काढावी लागे व पाण्यासाठी दुसऱ्याच्या दयेची वाट पाहावी लागे. महाराजांनी स्वतःच्या आचरणाचीही जोड या हुकमास दिली. गंगाराम कांबळे यांना शहरात चहाचे दुकान काढण्यास त्यांनी साहाय्य केले आणि लवाजम्यासह तेथे थांबून ते सर्वांसमक्ष चहा घेत. शतकांची रूढी एका हुकमाने संपली नाही. मंदिरप्रवेशाचा प्रश्न तर त्यांच्या पश्चातच सुटला. परंतु धर्मशाळेचे दार सर्वांचे, हे तत्त्व येथे राजाज्ञेने प्रस्थापित झाले.

६ मे १९२२ रोजी मुंबई येथे वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी महाराजांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात सामाजिक न्याय दिन म्हणून साजरा होतो.

क्षेत्री येणाऱ्या भाविकांनी देवदर्शनानंतर कसबा बावडा येथील महाराजांचे जन्मस्थान अवश्य पाहावे. धर्मशाळा, भक्तनिवास वा अन्नछत्र यांस दान देणाऱ्या प्रत्येक दात्याने महाराजांचा हा वारसा स्मरावा. अनोळखी पांथस्थास त्याची जात न विचारता दिलेला आसरा ही देवीचीच सेवा होय.