जनुकांचे मौन वाचणारी विदुषी : बार्बरा मॅक्लिंटॉक

बार्बरा मॅक्लिंटॉक यांचा जन्म १६ जून १९०२ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड या गावी झाला. पुढे कुटुंब न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात स्थायिक झाले. १९१३ ते १९१६ या काळात परमपूज्य बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात अध्ययन करीत होते, तेव्हा त्याच महानगरात ही मुलगी शाळेत जात होती. फार शिकलेल्या मुलीचे लग्न जमणार नाही, या धास्तीने आईचा तिच्या उच्च शिक्षणाला विरोध होता. ही धास्ती केवळ आपल्याकडचीच, असे मानणाऱ्या पालकांनी याची नोंद घ्यावी. महायुद्धातील सेवेवरून परतलेल्या वडिलांनी पाठिंबा दिला आणि १९१९ साली ती कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाली. १९२७ मध्ये तिने वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. मिळविली.

मका हा त्यांच्या आयुष्यभराचा अभ्यासविषय ठरला. १९३१ मध्ये हॅरिएट क्रेटन यांच्यासह त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट सूक्ष्मदर्शकाखाली सिद्ध केली : जनुकांची अदलाबदल होते, तेव्हा गुणसूत्रांच्या तुकड्यांचीही प्रत्यक्ष अदलाबदल होते. तरीही विद्यापीठांत त्यांना स्थैर्य लाभले नाही. १९४१ च्या अखेरीस न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील संशोधन केंद्रात त्यांना आश्रय मिळाला आणि तेथेच त्यांचे खरे कार्य उभे राहिले.

मक्याच्या काही दाण्यांवर रंगाचे ठिपके का उमटतात, हा त्यांचा प्रश्न होता. दाण्याला रंग देणारे जनुक शाबूत असूनही गप्प बसलेले असे. गुणसूत्रावरील एक फिरता घटक त्यात येऊन बसला की रंग नाहीसा होई. दाणा वाढत असताना एखाद्या पेशीतून तो घटक निघून गेला, की त्या पेशीच्या संततीत रंग परत येई. घटक लवकर निघाला तर ठिपका मोठा, उशिरा निघाला तर लहान. हा घटक केव्हा हलेल, हेही दुसऱ्याच एका घटकावर अवलंबून असे. मण्यांच्या माळेसारखी जनुके जागच्या जागी ओवलेली असतात, असे मानण्याचा तो काळ होता. १९५० मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि १९५१ च्या परिषदेत मांडले. श्रोत्यांना ते फारसे उमगले नाहीत.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थोडे सावध राहिले पाहिजे. त्या उपेक्षित होत्या, ही प्रचलित कथा अर्धीच खरी आहे. १९४४ मध्येच त्या अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या सदस्या झाल्या होत्या आणि १९४५ मध्ये तेथील जनुकशास्त्र संस्थेच्या पहिल्या महिला अध्यक्षा. त्यांच्या निरीक्षणांवर कोणी अविश्वास दाखविला नाही. हे घटक जनुकांना गप्प करतात, पुन्हा बोलते करतात आणि त्यातूनच जीवाचा विकास घडतो, हे त्यांचे प्रतिपादन मात्र सहकाऱ्यांना पेलले नाही. १९५३ नंतर त्यांनी या विषयावर नियतकालिकांत लिहिणे जवळजवळ थांबविले. संशोधन थांबविले नाही.

पाठबळ आले ते पावाचे पीठ फुगविणाऱ्या यीस्टकडून. या एकपेशीय जीवात 'ए' आणि 'अल्फा' असे दोन जोडीप्रकार असतात. भिन्न प्रकारांच्या पेशींचाच संयोग होतो. काही यीस्टपेशी मात्र आपला प्रकारच बदलतात. १९७१ मध्ये ओशिमा आणि ताकानो या जपानी संशोधकांनी मॅक्लिंटॉक यांच्या कल्पनेच्या आधारे याचा उलगडा सुचविला. १९७७ मध्ये हिक्स, स्ट्रॅथर्न आणि हर्स्कोविट्झ यांनी त्याला नेमके रूप दिले. यीस्टच्या तिसऱ्या गुणसूत्रावर दोन्ही प्रकारांच्या जनुकांच्या प्रती दोन ठिकाणी मूक अवस्थेत जपलेल्या असतात. मधल्या, बोलत्या ठिकाणी त्यांपैकी एकीची नक्कल येऊन बसली, की पेशीचा प्रकार बदलतो. मूळ प्रत जागेवरच राहते आणि गप्पच राहते. अक्षरे तीच, केवळ जागा बदलली की मौन संपते! मॅक्लिंटॉक यांच्याच संशोधन केंद्रात हिक्स, स्ट्रॅथर्न आणि मूळचे पंजाबचे अमर क्लार यांनी याचे पुरावे मिळविले.

१९८३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, मॅक्लिंटॉक यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक कोणाशीही विभागून न देता मिळाले. ते फिरत्या घटकांच्या शोधासाठी होते. माझ्या मते, त्यांना जनुकांच्या भटकंतीपेक्षा त्यांच्या मौनाचे मोल अधिक होते. तेवढा भाग पारितोषिकाच्या शब्दांत आला नाही. पुरस्कारानंतरही त्या कोल्ड स्प्रिंग हार्बर येथेच राहून काम करीत राहिल्या. २ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.